कामोव्ह की ग्लायडर? प्रश्नमंजूषेतल्या एका हरकतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं एक जुनं मराठी वाचनालय आठवी-नववीच्या मुलांसाठी दरवर्षी विज्ञान प्रश्नमंजूषा घेतं. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून चालतात, पण पाचवीपासून बहुतेक मुलांचं विज्ञान इंग्रजीतून होतं. ही मुलं घरी कोकणी बोलतात, भजन आणि नाटक मराठीतून करतात, आणि ‘लिफ्ट’, ‘थ्रस्ट’ मात्र इंग्रजीतून शिकतात. विज्ञान मराठीतूनही बोलता यावं म्हणून वाचनालयाची स्पर्धा मराठीत ठेवली आहे. साहजिकच प्रश्न कानावर पडला की प्रत्येक मूल तो मनातल्या मनात इंग्रजीत नेतं आणि उत्तर मराठीत आणतं. प्रश्न काढणारेही तेच करतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

त्या वर्षीचा विषय होता ‘उड्डाण’. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्यातल्या मोपावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि एवढ्याशा गोव्याला दोन विमानतळ झाले. मुलांच्या तोंडी तोच विषय होता. दाबोळीचा जुना विमानतळ तर नौदलाच्या ‘आयएनएस हंस’ या तळावरच आहे आणि तिथून जवळच, बोगमाळोच्या वाटेवर, १९९८ मध्ये सुरू झालेलं नौदलाचं उड्डाण संग्रहालय आहे. स्पर्धेची तयारी म्हणून सगळ्या संघांना बसने तिथे नेण्यात आलं.

वाचनालयाने प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद दिला होता. डोक्यावर ठळक अक्षरात ‘संग्रहालयातील विमाने’, खाली नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे नोंदीसाठी एक रेघ. यादीत १९५३ साली नौदलात आलेलं, पाण्यावर उतरणारं सीलँड होतं. फ्रेंच बनावटीचं आलिझे होतं. १९८३ मध्ये दाखल होऊन २०१६ मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियर होतं. आधी एअर इंडियाकडे, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आलेलं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन होतं. आणि याच यादीत कामोव्ह का-२५ हे सोव्हिएत हेलिकॉप्टरही होतं. हा कागद पुढे महत्त्वाचा ठरला.

प्रश्न आणि हरकत

अंतिम फेरीत दोन संघ उरले. त्यांना इथे पहिला संघ आणि दुसरा संघ म्हणू. शेवटच्या प्रश्नाआधी दोघांचेही ८५ गुण होते. थेट उत्तराला १० गुण आणि पुढे गेलेल्या प्रश्नाच्या उत्तराला ५, असा नियम होता. शेवटचा प्रश्न पहिल्या संघाकडे आला:

‘पुढीलपैकी कोणते विमान नाही? सी हॅरियर, कामोव्ह का-२५, ग्लायडर, सीलँड.’

पहिल्या संघाने आपसात कुजबूज करून उत्तर दिलं, “ग्लायडर.” सूत्रसंचालकांनी उत्तरसूची पाहिली, “चूक” म्हटलं आणि प्रश्न पुढे दिला. दुसऱ्या संघातली मुलगी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “कामोव्ह.” टाळ्या पडल्या. ९० विरुद्ध ८५. प्रमुख पाहुण्यांना मडगावला दुसरा कार्यक्रम होता, त्यामुळे लगेच चषक देऊन फोटोही काढून झाले.

पहिल्या संघाच्या शिक्षिका तोवर मागच्या बाकावर बसून हरकत लिहीत होत्या. माहितीपत्रकातल्या नियमानुसार लेखी हरकत अर्ध्या तासाच्या आत द्यायची होती आणि ती त्यांनी वेळेत दिली. मुद्दे दोन होते. वाचनालयाच्याच कागदावर कामोव्ह ‘विमाने’ या मथळ्याखाली आहे. आणि ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे ते विमान नव्हे. कागद देताना त्या अध्यक्षांना कोकणीत म्हणाल्या, “मागीर आमी भुरग्यांक कितें शिकयलें?” (मग आम्ही मुलांना काय शिकवलं?)

त्याच पत्रकात ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हेही वाक्य होतं. हरकतीचा नियम आणि अंतिम निर्णयाचा नियम एकाच पानावर सुखाने नांदत होते. भजन स्पर्धेचं जुनं पत्रक समोर ठेवून नवं केलं की असं होतंच.

समितीपुढे काय आलं

हरकतीसाठी तिघांची समिती बसली. वाचनालयाचे अध्यक्ष, भौतिकशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका (सगळे त्यांना टीचर म्हणतात) आणि मी. मी बरीच वर्षं मराठी वृत्तपत्रात उपसंपादक होतो, म्हणून शब्दांच्या बाजूने माझं नाव घातलं असावं. वास्कोत राहणाऱ्या, नौदलातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञांनाही आम्ही बोलावून घेतलं.

सुरुवात टीचरनी केली. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या व्याख्या त्यांनी टिपून आणल्या होत्या. त्यांत ‘एअरक्राफ्ट’ हे मोठं घराणं. जमिनीवर हवा आदळवून तरंगणारी यंत्रं वगळता, हवेच्या प्रतिक्रियेवर वातावरणात आधार मिळवणारं कुठलंही यंत्र त्यात येतं. तटरक्षक दलाचं हॉवरक्राफ्ट या अपवादामुळेच बाहेर राहतं. या घराण्यातली एक शाखा म्हणजे ‘एअरोप्लेन’: हवेपेक्षा जड, इंजिनावर चालणारं आणि उड्डाणात मुख्यतः स्थिर पंखांवर उचल मिळवणारं. हेलिकॉप्टरची शाखा वेगळी, कारण त्याला उचल मिळते ती फिरत्या पात्यांवर. आणि ग्लायडरची शाखाही वेगळी, कारण पंख स्थिर असले तरी त्याला इंजिन नाही.

म्हणजे ‘विमान’ याचा अर्थ एअरोप्लेन घेतला तर त्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर होती, कामोव्ह आणि ग्लायडर.

अध्यक्षांना हे पटेना. “इंजिन बंद पडलं तर विमानाचं ग्लायडर होतं का?” त्यांनी विचारलं. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेत इंधन संपल्यावर तरंगत येऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरलं आणि तेव्हापासून लोक त्याला ‘गिमली ग्लायडर’च म्हणतात. टीचरचं उत्तर सरळ होतं. यंत्र कशासाठी घडवलं ते पाहायचं, त्या दुपारी त्याच्या टाकीत काय होतं ते नाही. सी हॅरियरलाही हेच लागू. त्याच्या इंजिनाचे झोत खाली वळतात म्हणून ते उभ्या उभ्या उतरू शकतं, पण एकदा वेग घेतला की त्याला उचलून धरतात ते पंखच.

मग कायदा निघाला. प्रकरण घडलं तेव्हा १९३४ चा विमान कायदा लागू होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ ने घेतली आहे. १९३४ च्या कायद्यातली एअरक्राफ्टची व्याख्या इतकी ऐसपैस होती की त्यात ग्लायडर तर होतंच, फुगे होते आणि पतंगही होते. ‘विमान’ याचा अर्थ कायद्यातलं एअरक्राफ्ट असा घेतला तर चारही पर्याय विमानंच ठरतात आणि प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

माझ्या वाट्याला रोजची भाषा आली. बातमीत आपण ‘विमान कोसळलं’ आणि ‘हेलिकॉप्टर कोसळलं’ असं वेगवेगळं लिहितो. हेलिकॉप्टरला विमान म्हणणारी प्रत हाताखालून गेली तर मी ती दुरुस्त केली असती. ग्लायडर समजावून सांगताना मात्र ‘बिनइंजिनाचं विमान’ असंच लिहिलं जातं. या बोलण्यातल्या अर्थाने कामोव्ह हे एकच उत्तर निघतं, म्हणजे उत्तरसूची बरोबर. पण हीच मराठी हेलिकॉप्टरचा तळावरचा सगळा कारभार ‘विमानतळा’त बसवते. आणि पहिल्या संघातल्या मुलाने तर आम्हाला गप्पच केलं. “विक्रांतला तुम्ही विमानवाहू नौका म्हणता. तिच्यावर हेलिकॉप्टरं पण असतात. ती विमानं नाहीत तर ती काय, सामान?”

वास्कोचे तंत्रज्ञ हसले. त्यांच्या सांगण्यानुसार हँगरमध्ये ‘विमान’ हा शब्द कुणी वापरतच नव्हतं. सगळ्याला एअरक्राफ्ट, नाहीतर थेट नाव: हॅरियर, चेतक, कामोव्ह.

त्या मुलाचा कागदही आम्ही मागवून घेतला. कामोव्हपुढच्या रेघेवर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘वर दोन पंखे, एकावर एक, उलट फिरतात. शेपटीला पंखा नाही.’ नोंद अगदी अचूक आहे. एका आसावरचे दोन रोटर उलट दिशांना फिरत असल्याने यंत्राला गरकन फिरवणारं बळ आपोआप रद्द होतं आणि शेपटीच्या पंख्याची गरज राहत नाही. म्हणजे कामोव्ह हे हेलिकॉप्टर आहे हे मुलाला पक्कं ठाऊक होतं. त्याने अज्ञानातून उत्तर दिलं नव्हतं. कागदाच्या मथळ्यावर विश्वास ठेवून कामोव्हला बाजूला काढलं, मग उरलेल्या तिघांत इंजिन कुणाला नाही ते पाहिलं.

प्रश्न काढणारे गृहस्थ निवृत्त बँक कर्मचारी. त्यांची वही पाहिली तेव्हा प्रश्न आधी इंग्रजीत लिहिलेला दिसला, ‘एअरप्लेन’ या शब्दासह. मराठीत आणताना घोळ झाला, असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच झाला. ते अर्धंच खरं आहे. इंग्रजीतही ग्लायडर तिथे खटकलंच असतं, कारण एअरप्लेनच्या व्याख्येत इंजिन धरलेलं आहे. फार तर एवढं म्हणता येईल की इंग्रजीत प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि मराठीत आल्यावर एक, दोन किंवा शून्य, ज्याला जसं हवं तसं.

एका पालकाने पत्र धाडून पुष्पक विमानाला कुठलं इंजिन होतं असं विचारलं. दुसऱ्या कुणी देवळाच्या गाभाऱ्यावरच्या शिखरालाही विमान म्हणतात याची आठवण करून दिली. तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान तर हजार वर्षं जागचं हललेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्या समितीच्या कामाच्या नव्हत्या. पत्रं फाइलला लावली.

कोणते पर्याय होते

पर्याय निवडणं अवघड झालं याचं कारण भाषा नव्हती. प्रत्येक पर्यायाबरोबर विजेता बदलत होता.

उत्तरसूची कायम ठेवली तर दुसरा संघ ९०-८५ ने जिंकतो. अध्यक्ष याच बाजूचे. परीक्षकांचा निर्णय अंतिम म्हटलाय, चषक दिला आहे, आणि बोलीभाषेच्या कसोटीवर उत्तर टिकतं. शिवाय दुसऱ्या संघातल्या मुलींचा यात काय दोष? त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर दिलं.

ग्लायडरही बरोबर धरलं तर पहिल्या संघाला १० गुण मिळतात, प्रश्न पुढे जातच नाही आणि निकाल ९५-८५ असा उलटतो. टीचर इथे ठाम होत्या. ही विज्ञानाची स्पर्धा आहे. शास्त्रीय व्याख्येने उत्तर बरोबर असेल तर गुण द्यायलाच हवेत, मग कुणाला वाईट वाटो.

प्रश्न रद्द केला तर ८५-८५ अशी बरोबरी.

किंवा बरोबरी धरून दुसऱ्या दिवशी जादा प्रश्न घ्यायचा. हा पर्याय कागदावर सगळ्यांत चोख दिसतो. पण तोवर दोन्ही शाळांतल्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट पेटले होते. त्या वातावरणात मुलांना पुन्हा स्टेजवर बसवलं असतं तर ती उड्डाणाची प्रश्नमंजूषा न राहता दोन गावांची झुंज झाली असती. तो पर्याय आम्ही फारशी चर्चा न करता बाजूला ठेवला आणि मला अजूनही ते योग्य वाटतं.

माझं मत रद्द करण्याकडे झुकलं, त्याचं कारण टीचरच्या युक्तिवादातच होतं. शास्त्रीय व्याख्येने गुण द्यायचे तर ती व्याख्या स्पर्धेत लागू होती असं म्हणावं लागतं. ती तशी होती का? मुलांना दिलेल्या एकमेव लेखी साहित्यात, त्या कागदावर, ‘विमान’ हा शब्द रुंद अर्थाने वापरला होता आणि त्या अर्थाने ग्लायडरही विमानच. उत्तरसूचीत तोच शब्द बोलण्यातल्या अर्थाने आला होता. टीचरचा तिसरा अर्थ सभागृहात कुणालाच सांगितलेला नव्हता. पहिल्या संघाचं उत्तरही तपासून पाहा: कामोव्हला वगळताना त्यांनी रुंद अर्थ घेतला आणि ग्लायडरला नाकारताना अरुंद. म्हणजे तेही एकाच अर्थाला धरून नव्हते. त्यांना चूक ठरवणं अन्याय होता, पण एकट्यांना बरोबर ठरवायलाही पुरेसा आधार नव्हता.

टीचर अखेर रद्द करायला तयार झाल्या, पण निकालपत्रात ग्लायडरबद्दलचं शास्त्रीय स्पष्टीकरण आलंच पाहिजे या अटीवर. अध्यक्षांनी विरोध नोंदवून सही केली.

निर्णय आणि अंमलबजावणी

प्रश्न रद्द झाला आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. चषक आधी दुसऱ्या संघाच्या शाळेत सहा महिने, मग पहिल्याच्या. रोख बक्षीस मात्र वाटून दिलं नाही. पहिल्या संघाला तेवढीच रक्कम वाचनालयाच्या निधीतून देण्यात आली, म्हणजे मुलींच्या हातातून काही परत घ्यायची वेळ येऊ नये.

निकाल कसा कळवायचा यावर निकालाइतकाच वेळ गेला. पत्र पाठवून मोकळं व्हावं असं एक मत होतं. त्याऐवजी टीचर आणि मी आधी दुसऱ्या शाळेत गेलो, कारण काही गमावणार होते ते तेच. मुख्याध्यापिकांनी स्वागत नीट केलं, पण मुद्दा सोडला नाही. “आमच्या मुलींचं उत्तर चूक होतं का?” नव्हतं. “मग गुण का काढता?” तुमचं उत्तर चूक म्हणून नाही, प्रश्न धड नव्हता म्हणून, असं आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रश्न धड नव्हता तर ते निस्तरणं वाचनालयाचं काम, आमच्या पाच गुणांनी कशाला? याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

दोन्ही शाळांना एकच दीड पानी पत्र दिलं. त्यात ‘विमान’ शब्दाचे तिन्ही अर्थ, प्रत्येक अर्थाने निघणारं उत्तर आणि प्रश्न रद्द करण्याचं कारण होतं. मुलांना समजेल अशा भाषेत लिहिल्यामुळे ते पत्र पहिल्या शाळेत विज्ञानाच्या तासाला वाचलं गेलं, असं नंतर कळलं.

परिणाम

दोन्ही बाजू थोड्याथोड्या नाराज राहिल्या. दुसऱ्या शाळेच्या काही पालकांनी ‘भिऊन निर्णय बदलला’ असं गटावर लिहिलं. पहिल्या शाळेच्या शिक्षिकांना तर आपण सरळ जिंकलो होतो असंच वाटतं. दोन्ही शाळांनी पुढच्या वर्षी संघ मात्र पाठवले. सहा महिन्यांनी चषक न मागता पहिल्या शाळेत पोहोचला; मुख्याध्यापिका स्वतः घेऊन गेल्या.

वाचनालयाने कामाची पद्धत बदलली. आता प्रश्न दोन अशा माणसांना सोडवायला देतात ज्यांनी उत्तरसूची पाहिलेली नाही, आणि त्यातला एक इंग्रजी माध्यमातून विज्ञान शिकवणारा असतो. दोघांची उत्तरं वेगळी आली की प्रश्न बाद. पुढच्या वर्षी ड्रोनवरचा एक प्रश्न असाच गळला. ‘ड्रोन हे विमान आहे की हेलिकॉप्टर?’ असा तो होता, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत एअरोप्लेन, रोटरक्राफ्ट आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन प्रकार मानलेले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त उपाय सभागृहातच होता. पहिल्या संघाने “ग्लायडर” म्हटल्यावर सूत्रसंचालकांनी “का?” एवढंच विचारलं असतं तर “इंजिन नाही” हे उत्तर माइकवर आलं असतं आणि परीक्षकांना प्रश्न तिथेच थांबवता आला असता. राखीव प्रश्न त्यांच्या पाकिटात तयार होते. तोवर प्रश्न दुसऱ्या संघाकडे गेलाच नसता, म्हणजे त्या पाच गुणांचा तिढाही उभा राहिला नसता. आता अंतिम फेरीत चुकीच्या उत्तरालाही कारण विचारतात. यात वेळ जातो, प्रेक्षक कंटाळतात, पण मुलांना आवडतं असं दिसतंय.

बक्षीस समारंभ हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबवायला हवा होता. पाहुण्यांना उशीर झाला असता तर ते गेले असते. चषक अध्यक्षांनी दिला असता तरी चाललं असतं. चषक हातात पडल्यामुळे ‘निकाल बदलणं’ हे ‘हिसकावून घेणं’ झालं. यावर वाचनालयात अजून एकमत नाही. देणगीदार पाहुण्यांना अर्धा तास बसवून ठेवायला कार्यकारिणी राजी नाही, आणि हरकतीची मुदत दहा मिनिटांवर आणायला शिक्षक राजी नाहीत.

प्रश्नातच कसोटी लिहायची सोपी सुधारणाही होती: ‘स्थिर पंख आणि स्वतःचं इंजिन या दोन्ही गोष्टी पुढीलपैकी कशात नाहीत?’ पण हे वाक्यही टीचरनी हाणून पाडलं. कामोव्हला इंजिन आहे, ग्लायडरला पंख आहेत. ‘दोन्ही नाहीत’ म्हणजे एकही नाही की दोन्ही मिळून नाहीत? त्यांनी सुचवलेला प्रश्न असा: ‘यांपैकी कोणाला उचल फिरत्या पात्यांमुळे मिळते?’ त्यात ‘विमान’ हा शब्दच नाही आणि उत्तर एकच, कामोव्ह का-२५. यंदाच्या सराव संचात हा प्रश्न घेतला आहे. संग्रहालयाच्या भेटीच्या कागदावर आता ‘संग्रहालयातील विमाने आणि हेलिकॉप्टरे’ असा मथळा असतो.